वीस प्रश्नांचा कौल

मुंबई, ता. ४ मे १९३१

ती. गं. भा. मथुराअक्कास सदूचा शि. सा. न. वि. वि.

येथे सर्व क्षेम. धाकट्या कमळीसाठी पाठवलेले वीस प्रश्न उत्तरांसह मिळाले. आमच्या विमा कचेरीत माणूस कोणत्या वयाला मरेल याची कोष्टके मांडतात. मग मुलगी कोणाला माळ घालील हे का मांडता येऊ नये? प्रत्येक उत्तराला गुण दिले, समीकरण सोडवले. उत्तर वेळणेश्वरचे काशीराम मास्तर आले. हर्णेचा रघू तांडेल पार मागे पडला. मास्तर बिजवर, कमळी सतरा वर्षांची. मलाही नवल वाटले, पण गणिताला नवल वाटत नाही. मास्तरांना होकार कळवला आहे.

बाबांना सांग, देवीला फुले चिकटवून कौल घेण्याचा अडाणीपणा आता पुरे.

लोभ असावा, देवीवर असतो त्याच्या निम्मा तरी.

सदू

मांडवी, रत्नागिरी, ता. ११ मे १९३१

चि. सदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा कमळी सुकट निवडत होती. सूप टाकून उठली आणि म्हणाली, दादाला मास्तर एवढे आवडले असतील तर त्यानेच त्यांच्याशी लगीन लावावं. तिला रघूच हवा आहे. त्याचा मचवा बंदराला लागला की हिला पाण्याला जायची घाई होते. आळीतल्या कोंबड्यांनाही हे ठाऊक आहे, फक्त तुझ्या समीकरणाला नाही.

बाबांच्या कौलाला हसतोस. अरे, देवीचं फूल निदान चारचौघांदेखत पडतं. तुझं फूल तुझ्याच टेबलावर पडतं आणि तूच उचलतोस. मास्तरांना दिलेला शब्द मागे घे.

पोटाला वेळेवर खा. राग आहे, तसा लोभही आहे.

अक्का

मुंबई, ता. १५ मे १९३१

ती. अक्कास सा. न.

कमळी हट्टाने खोटे बोलत असेल. कागद खोटे बोलत नाही. वीसपैकी सतरा उत्तरे मास्तरांकडे बोट दाखवतात : बोटीपेक्षा अंगण बरे, बोलक्यापेक्षा गप्प माणूस बरा, लुगड्यापेक्षा पुस्तक बरे. बायकांना आपले मन कळते थोडेच? ते आम्ही मोजून सांगायचे. शब्द मागे घेणार नाही. चौथी शिकलेल्या बाईने बीजगणितात पडू नये.

लोभ असावा, वाद नसावा.

सदू

मांडवी, ता. १९ मे १९३१

चि. सदूस आशीर्वाद.

कागद खोटं बोलत नाही हे खरं. मास्तर कमळीला पाहून गेले त्याच आठवड्यात तुझे प्रश्न आले. कमळीने पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं सांगितली, फिदीफिदी हसली आणि बाकीचं तूच लिही म्हणून पळाली. मी लिहिलं. सतरा उत्तरं माझी आहेत. अक्षर माझं दिसत असूनही तुला वाटलं, अक्का नुसती लिहून देणारी.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबांनी देवीला विचारलं, उजवं फूल पडलं. चार वर्षांत कुंकू पुसलं गेलं. मला कोणीच विचारलं नव्हतं, सदू. आयुष्यात पहिल्यांदा कोणी प्रश्न विचारले, तेही कमळीच्या नावाने. लिहिताना फार बरं वाटलं.

कमळीला रघूला देऊ. बाबांशी मी बोलते. मास्तरांना दिलेला शब्द मात्र मोडू नकोस. आपल्यात विधवेचा पाट लागतो. तुझं गणित बरोबर आलंय रे मूर्खा, फक्त वर नाव दुसरीचं घातलंस. मास्तरांना खरं नाव कळव आणि ते काय म्हणतात ते त्यांनाच विचार. कोष्टक मांडू नकोस.

लोभ ठेव. उत्तराची वाट पाहते.

मथुरा