खराडीच्या लॉबीतली तुझी बाई

प्रिय शैला,

तुला जाऊन वर्ष होत आलं. आज लिहितेय, कारण काल माझ्या मुक्ताच्या ऑफिसात तुझं चित्र पाहिलं आणि मला तुझा राग आला. गेलेल्या मैत्रिणीचा कुणी हेवा करतं का? मी करतेय.

कॉलेजात सरांनी आपल्याला एका जुन्या चित्राची नक्कल करायला दिली होती, आठवतं? दिव्याशेजारी वाट पाहत बसलेली बाई. मी पातळाच्या चुण्यांसकट हुबेहूब काढली. तू तिचे सगळे दागिनेच काढून टाकलेस. सर माझ्या कागदाकडे बघून म्हणाले, "छान. पण फोटो काढायला कॅमेरा असतो." तुझ्या कागदापुढे मात्र बराच वेळ उभे राहिले. ते उभं राहणं मला अजून सलतं.

मी शाळेत चित्रकला शिकवू लागले. तू त्याच बाईला काढत राहिलीस. कधी स्वारगेटला एसटीसाठी ताटकळलेली, कधी दवाखान्यातल्या बाकावर. "तीच ती बाई काय काढतेस?" मी विचारलं. तू म्हणालीस, "अजून कळली नाही गं मला." काय हा शिष्टपणा, असं वाटलं होतं.

काल खराडीला, मुक्ताच्या कंपनीत घरच्यांना बोलावलं होतं. लॉबीत तीच बाई! गळ्यात ओळखपत्र, मांडीवर लॅपटॉपची बॅग, तोंडावर मोबाइलचा उजेड. कॅबसाठी थांबलेली.

मुक्ता म्हणाली, "आई, ही मीच वाटते ना? रोज येता-जाता बघते मी हिच्याकडे."

माझी मुलगी, शैला. घरात भिंतभर माझी चित्रं आहेत. त्यांच्यापुढे ती कधी थांबल्याचं मला आठवत नाही. निदान मुक्ता तरी माझ्या वाट्याला ठेवायची होतीस.

चडफडत सोफ्यावर बसले, पर्समधली पेन्सिल काढली आणि निमंत्रणाच्या पाठीवर तुझी बाई उतरवायला घेतली. मानेपाशी हात अडला. जुन्या चित्रातली दाराकडे बघते. तुझी बघत नाही. तिला कुणाची ओढ नाही, ती फक्त दमलीये. इतकी वर्षं तुझी चित्रं बघून हे दिसलं नाही, काल हाताला कळलं.

मुक्ता खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "तू काढशील तेव्हा हिला उठव ना. किती बसायचं?"

शब्द देते शैला, उठवेन. या वेळी नक्कल नाही. हेवा काही जाणार नाही, राहू दे. चित्र पुरं झालं की मुक्ताला समोर उभं करेन, आणि मग बघू, ती कुणाच्या बाईपुढे जास्त वेळ थांबते ते.

तुझ्यावर जळणारी,
विद्या