मी एक वर्ष का थांबलो

३ जुलै
कॉलेजला कळवून टाकलं : यंदा येत नाही, पुढच्या वर्षी येईन. बारावी झाली की कॉलेज, कॉलेज झालं की नोकरी. मेंढरं सगळी. मला आधी जग बघायचंय. बाबा म्हणाले, बघ, पण अंघोळ करून बघ. आईला सीटची काळजी. सीट कुठे पळतेय? मेअखेर फक्त ‘येतोय’ म्हणून कळवायचं. शेंबडं पोरही कळवेल. धाकटी हसली. तिची यंदा बारावी. माझ्याहून वर्षाने लहान, अक्कल त्याहून लहान.

४ जुलै
संकल्प : पहाटे पाचला उठणे. पळणे. फ्रेंच. कादंबरी.

५ जुलै, सकाळी साडेदहा
उठलो. शरीराचं ऐकावं असं कुठेतरी वाचलंय.

२० ऑगस्ट
घोक्याचा फोन. माझा बाकावरचा जोडीदार, आता कॉलेजकुमार. लेक्चर्स, लायब्ररी, कँटीन, एवढंच बोलतो. कीव आली.

१२ ऑक्टोबर
मामाच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लागलो. निव्वळ अनुभवासाठी. मामा प्रत्येक कपड्याला नंबराची चिंधी टाचतो. या काळात!

१३ ऑक्टोबर
मामा जेवायला गेला तेवढ्यात सगळ्या चिंध्या काढल्या, कपडे रंगाप्रमाणे लावले. दुकानाला शिस्त आली.

१४ ऑक्टोबर
लोकांना स्वतःचा पांढरा शर्ट ओळखता येत नाही. असला समाज. मी राजीनामा दिला. मामाने तो मी द्यायच्या आधीच स्वीकारला होता.

८ फेब्रुवारी
कादंबरीचं नाव जवळजवळ ठरलं. धाकटी दिवसभर अभ्यास करते. दिव्याचा त्रास होतो.

९ जून
धाकटीला माझ्याच कॉलेजात, माझ्याच कोर्सला अ‍ॅडमिशन. नक्कल करायची सवयच आहे तिला. जेवताना आईने विचारलं, तू कळवलंस ना रे? म्हटलं, असल्या किरकोळ गोष्टी मला सांगू नका. मग कॅलेंडरकडे लक्ष गेलं. मेअखेर उलटून नऊ दिवस झालेले. खरंच घाबरलो.

१० जून
ऑफिसात जाऊन खडसवायचं ठरवून बूट घातले. दारातच धाकटी म्हणाली, “दादा, बूट काढ. मे महिन्यातच बाबांना घेऊन जाऊन सांगून आलेय मी, तू येतोयस म्हणून.” माझ्या कारभारात ही ढवळाढवळ! आणि बाबांनी इतके दिवस एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. हा अपमान विसरणार नाही. दुपारी मात्र छान झोप लागली.

१ ऑगस्ट
पहिला दिवस. गेटवर घोक्या, छातीला बिल्ला. “नवीन मुलांनी डावीकडून.” मला बघून ओशाळला. मी डावीकडून गेलो.
वर्गात धाकटी पहिल्या बाकावर. हजेरीत आमची नावं लागोपाठ, तिचं आधी. सरांनी विचारलं, जुळे का? मी खाली बघितलं. ती उभी राहिली.
“नाही सर. दादा मोठा आहे. माझ्यासाठी एक वर्ष थांबला.”
सर म्हणाले, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. वर्गात कुणी हसलं नाही. येताना तिची बॅग मी घेतली. चांगलीच जड होती.
तेच तर. मी थांबलो तो तिच्यासाठीच. ३ जुलैला तेवढं लिहायचं राहून गेलं.