विजेत्यांचा केक

हामरावीक, फेरो बेटं
२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तोर्शहावनच्या शर्यतीत आपल्या गावची नाव चौथी आली. काळजी करू नकोस, इथे कुणालाही धक्का बसलेला नाही. सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

शेजारच्या बिरितावहिनींनी आदल्या दिवशीच वर साखरेनं ‘विजेत्यांचं स्वागत’ लिहून भलामोठा केक करून ठेवला होता. हरलो म्हणून केक टाकतं कोण? नावेच्या शेडमध्ये सगळ्यांनी तो संपवला. सामलकाका ‘विजेत्यांचं’ तोंडात कोंबून म्हणाले, की पोरांचा दम शेवटी तुटणार हे त्यांनी जूनमध्येच ओळखलं होतं. जूनमध्ये हेच काका मिरवणूक कुठून न्यायची यावर भांडत होते. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, तेव्हा पोरांचं मन मोडायचं नव्हतं गं. केवढी ही माया!

मग कुणीतरी म्हणालं, की पोरांना वल्हवायला शिकवायला यंदा रोग्वी नव्हता म्हणून हरलो. लगेच कळलं, की माझ्या नवऱ्याचं हृदय मे महिन्यात बंद पडणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी म्हणाल्या, चढावर तो सारखा थांबायचा. थांबायचा खरा. वहिनीच त्याला गप्पा मारायला थांबवायच्या.

दादा, तूही सांत्वनाच्या पत्रात लिहिलंस, की नाताळातच तुला त्याचा चेहरा ओढलेला दिसला होता. मी रोज त्याच्यासमोर जेवायला बसत होते. मला काहीच दिसलं नाही. माझ्या दुर्लक्षानं तो गेला का, तेवढं सांग.

तब्येतीला जप, आणि खरं ते कळव.
तुझी,
मार्युन


कोपनहेगन
११ ऑगस्ट

चि. मार्युनला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मीही सामलकाकांच्याच पंगतीतला निघालो, फक्त मला केक मिळाला नाही.

नाताळात रोग्वीनं मला पत्त्यांत हरवलं, माझ्या ताटातलं सुकं मटण पळवलं आणि बर्फात ढकलून वर हसत बसला. मला काही दिसलं असतं, तर तुला न सांगता मी परतीच्या बोटीत पाय ठेवला असता का? तो ओढलेला चेहरा मी बातमी आल्यावर मनानं रचला. ठणठणीत माणूस असा उठून जातो, हे मानायची मला भीती वाटली. त्यापायी तुझी झोप उडवली.

मला माहीत नव्हतं, मार्युन. कुणालाच नव्हतं. दिसण्यासारखं काही नव्हतंच.

माझ्यावरचा राग ओसरला की आधीसारखा लोभ कर.
तुझा दादा,
हेइनी