तुझ्या मापाची मोटारसायकल

प्रिय ताई,

फोनवर आपण दोघंही "बरंय ना? बरंय" एवढंच बोलतो आणि ठेवून देतो, म्हणून आज लिहायला बसलोय. बातमी अशी की बाबांनी मोटारसायकल घेतली. हसू नकोस. आपल्याच बाबांनी, ज्यांचा उजवा हात-पाय अर्धांगाच्या झटक्यापासून काही केल्या ऐकत नाही. आणि गाडीही साधीसुधी नाही. सिनेमात नायिकेच्या जागी हेल्मेट घालून तू तुटक्या पुलावरून जी उडवलीस ना, तीच लाल गाडी.

जाहिरात त्यांनीच पेपरात पाहिली आणि मला सुट्टी घ्यायला लावली. जुन्या गाड्यांच्या दुकानात भिंतभर सिनेमाचं पोस्टर. दुकानदार म्हणाला, "खुद्द हिरॉइनने चालवलीय, साहेब! खास बनवून घेतलेली गाडी आहे." बाबांनी डाव्या हाताने सीट चाचपली, हँडल चाचपलं. मग काहीतरी बोलले. त्यांचं बोलणं आता जड झालंय, दुकानदाराला कळेना, तो माझ्याकडे बघायला लागला. शेवटी मलाच सांगावं लागलं, "ते म्हणतायत, ती बाई केवढी उंच, तिचे गुडघे हँडलला लागले असते. सीट खाली घेतलीय, हँडल मागे ओढलंय, ते माझ्या मुलीच्या मापाने." सांगून झाल्यावर मीच बाबांकडे बघायला लागलो.

कारण मला वाटायचं, त्यांनी तो सिनेमा पाहिलेलाच नाही. तुलाही तसंच वाटत असणार. "हाडं मोडून घ्यायची तर माझ्या घराबाहेर घे," असं म्हणाले होते आणि तू खरंच बॅग भरलीस. परतताना टॅक्सीत मी विचारलं, कधी पाहिलात? म्हणाले, आई गेल्यावर. दुपारच्या खेळाला गर्दी नसते. बऱ्याचदा गेले म्हणे, पण उडी काही पाहिली नाही. पूल दिसला की उठून बाहेर यायचे. तू धडधाकट उतरलीस हे माहीत असूनही.

गाडी आता बाहेरच्या खोलीत उभी आहे. ही म्हणते, "सवत आणलीत ती आणलीत, वर तिचं तेल मी पुसायचं!" पण कुरकुरत का होईना, पुसते. मी दिवसभर चष्म्याच्या काचा घासून घरी येतो, चप्पलही काढलेली नसते, तोच बाबा बोट दाखवतात. त्यांना गाडीवर बसवायचं. मी काखेत हात घालून उचलतो, ही पलीकडून पाय ओढून घेते. ते नुसते बसतात, समोरच्या भिंतीकडे बघत. मग उतरवायचं, अंग पुसायचं, भरवायचं, चादर बदलायची. परवा उतरवताना बाबा नि मी गाडी आणि भिंतीच्या मधे पडलो. ते हसायला लागले. मी मात्र त्यांच्यावर असा ओरडलो की शेजारीण दारात आली. मग नळ सोडून न्हाणीघरात बसून राहिलो. त्यांना लागलं नाही. माझी कंबर मात्र धरली ती धरलीच.

ताई, बाबांनी तुला बोलावलंय असं लिहिलं असतं, तर कदाचित तू निघालीही असतीस. पण त्यांनी बोलावलेलं नाही. तुझं नावसुद्धा घेत नाहीत, "माझी मुलगी" म्हणतात ते परक्यांसमोर. माफी वगैरे मागतील अशी आशा धरून येऊ नकोस. मी बोलावतोय. गाडीची एवढी कथा सांगितली ती हे लिहायला धीर येत नव्हता म्हणून. ही दमलीय, मी दमलोय, आणि तसं म्हणायचीही लाज वाटते. तू ये, थोडे दिवस त्यांच्याजवळ राहा. तुम्ही दोघं बोलला नाहीत तरी चालेल. मला झोपायचंय गं.

तुझाच,
धाकटा