‘खणखणीत’ची पाटी उतरवण्याविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा भांडी विकणे, राहणार ‘खणखणीत’ या भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही मुलाला दिले होते. ते आज सकाळी फाडले आहे आणि याद्वारे कायद्यानेही रद्द करीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मुलगा याच्या उलट सांगेल, म्हणून आमच्या डॉक्टरांनी समोर बसवून मला नाना प्रश्न विचारले. प्रश्न संपल्यावर त्यांनी आमच्याच कढईची एक तक्रार केली, तिचेही उत्तर मी बरोबर दिले. वकिलांनी ज्या ओळी अनावश्यक म्हणून पेन्सिलीने खुणावल्या, त्या सर्व मी शाईने कायम केल्या आहेत.

कलम १. मालमत्ता माझी आहे ती कशी, याविषयी.

माझा नवरा हातगाडीवर भांडी विकत असे. तो बोलायचा फार आणि विकायचा थोडे. तो वारला तेव्हा मुलगा शाळेत होता. मी गाडी विकून हा गाळा भाड्याने घेतला, पुढे विकत घेतला, त्यावर मजला चढवला. मी एकच गोष्ट वेगळी केली. बोलणे कमी केले. नवे भांडे आले की आधी माझ्या स्वयंपाकघरात जाई, मी त्यात रोजचा स्वयंपाक करी, आणि टिकले तरच ते दुकानाच्या फळीवर चढे. नाही टिकले तर कारखानदाराला परत. गिऱ्हाईक सहा पातेली मागू लागले आणि घरात माणसे तीन असली, तर मी दोनच देत असे. लोक हसत, पण पुढच्या वेळी लेकीला घेऊन येत. म्हणून गाळा, मागचे गोदाम, वरचे घर, माल आणि ‘खणखणीत’ हे नाव, सर्व माझ्या एकटीच्या नावावर नोंदलेले आहे. मुलाने हे कागद कधी उघडून पाहिले नाहीत. आता पाहील.

कलम २. घर मुलाला देण्याविषयी. अट आहे.

टीव्हीवरून भांडी विकायची कल्पना मुलाची. मी विरोध केला नाही, हे इथे नमूद करते. लोक घरबसल्या सगळेच मागवू लागले होते आणि आमच्या फळ्यांवर धूळ बसत होती. पहिल्या दिवशी मी स्वतः वाहिनीच्या स्टुडिओत गेले. तिथे एक खोटे स्वयंपाकघर होते, नळाला पाणी नव्हते, खिडकीबाहेर रंगवलेले झाड होते. निवेदक नावाचा एक टवटवीत माणूस तव्यावर अंडे सोडून ओरडला, “आयुष्यभर चिकटणार नाही! हो ना आजी?”

मी म्हटले, “दोन वर्षं नाही चिकटणार. तिसऱ्या वर्षी चिकटेल. तोवर लाकडी उलथनं वापरा, आणि या माणसासारखं ओरडू नका, अंडं घाबरतं.”

निवेदकाचा चेहरा पडला, आणि फोन असे खणखणू लागले की तिथल्या मुलींना उचलायला हात पुरेनात. संध्याकाळच्या आत सगळे तवे गेले. वाहिनीचा मालक धावत आला आणि मुलाला मिठी मारून म्हणाला, “तुझी आई म्हणजे सोन्याची खाण आहे.” त्या दिवसापासून मुलगा माझ्याकडे खाणीकडे बघावे तसा बघू लागला.

पुढे प्रेशर कुकर आला. स्वस्त, चकचकीत, वाहिनीनेच शोधलेला. मी तो घरी आणून बटाटे उकडायला ठेवले. शिट्टी वाजेचना. झाकणाला कान लावावा तर आतून नुसती घरघर. सेफ्टी व्हॉल्व्ह जागचा हलत नव्हता. मी गॅस बंद केला, दार ओढून घेतले आणि मुलाला सांगितले, “हा मी विकणार नाही.”

“आई, तुला विकायचा नाहीये. तू फक्त शेजारी उभी राहा.”

“मी उभी राहिले म्हणजेच विकला.”

“बरं,” तो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की मला वाटले पोरगा समजूतदार झाला.

पुढच्या आठवड्यात सुनेने स्वतःहून टीव्ही लावला आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर मी होते. माझा अंबाडा, माझ्यासारखा दोरी लावलेला चष्मा, आणि माझा तपकिरी स्वेटर, जो धुवायला दिलाय असे सून आठवडाभर सांगत होती. ती बाई कुकरवर बोटाचे पेर वाजवून, मान तिरकी करून म्हणाली, “रबर दोन वर्षं टिकेल. तिसऱ्या वर्षी बदला. खोटं मी बोलत नाही.” हे बोलणे माझ्याच मापाने कापून शिवलेले होते. लोकांना काय आवडते ते मुलाने त्या पहिल्या दिवशीच टिपून ठेवले होते, आणि आता त्याला त्यासाठी माझी गरज नव्हती.

सून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “किती छान दिसताय हो तुम्ही, आई.”

मी खाली दुकानात जाऊन उभी राहिले आणि जो येईल त्याला सांगू लागले, तो कुकर घेऊ नका. गिऱ्हाइके गोंधळली. “पण आजी, कालच तर तुम्ही टीव्हीवर...” मी समजावत असताना माझ्या पाठीमागे मुलगा कपाळाजवळ बोट फिरवून दाखवत होता. समोरच्या स्टीलच्या परातीत मला ते स्वच्छ दिसले. समोरची गिऱ्हाईक बाई माझ्याकडे कीव आल्यासारखी बघून हसली आणि कुकर घेऊन गेली. त्यानंतर मला खाली येऊ देणे बंद झाले. जिन्याला दार बसवले. “तुम्ही पडाल म्हणून,” सून म्हणाली. मी खचले हे ओळखून मुलगा एकदा माझ्या उशाशी बसला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, “घाबरू नकोस आई. तू गेलीस तरी टीव्हीवर तू आहेसच.”

त्याला ते सांत्वन वाटले होते. म्हणून अट अशी: माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्याच थेट कार्यक्रमात मुलाने कॅमेऱ्यासमोर एकट्याने उभे राहून, पुढील वाक्ये कागदावरून न वाचता म्हणावीत. “माझी आई वारली. इतके दिवस तुम्ही पाहिलीत ती माझी आई नव्हती. माझ्या आईने हा कुकर विकायला नकार दिला होता.” असे केल्यास घर त्याचे. न केल्यास घर विकून येणारी रक्कम, त्या कुकरने भाजलेले जे कोणी पुढे येतील, त्यांच्यात वकिलांनी वाटावी. मला वाटते तो बोलणार नाही. तरीही ही अट ठेवली आहे, कारण त्याने घरही गमवावे आणि ते आपणच गमावले हेही त्याला ठाऊक असावे.

कलम ३. सुनेविषयी.

तपकिरी स्वेटर सुनेला द्यावा, धुऊन परत आला असल्यास. जिन्याचे दारही तिलाच द्यावे, चौकटीसकट.

कलम ४. दुरुस्तीवाल्याविषयी.

आमच्या पायरीवर बसून मुठी आणि रबरे बदलणारा दुरुस्तीवाला. त्याच्या बायकोच्या आजारपणात मी दोन्ही वेळचे जेवण पाठवत असे. परत आलेल्या कुकरांचे अडकलेले व्हॉल्व्ह घासून, पुसून ते कुकर त्याने नव्या खोक्यांत भरून दिले. मी वरच्या खिडकीतून विचारले, “अरे, काय करतोस हे?” तो वर न बघता म्हणाला, “मालक सांगतील ते.” माझे पाने, पकडी आणि छोटी ऐरण त्याला द्यावी. या वस्तू त्याने आधीच घरी नेलेल्या आहेत, तरी आपल्याला त्या चोरीने नव्हे तर दयेने मिळाल्या, असे त्याला सर्वांसमोर वाचून दाखवावे.

कलम ५. दुकानाचा गाळा, गोदाम आणि नाव यांविषयी.

हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून इथे अक्षर मोठे काढले आहे, ते भ्रमाचे लक्षण समजू नये.

समोरच्या घरात एक शिवणकाम करणारी बाई राहते. मी दुकान काढले त्याच वर्षी तिने मशीन घेतले. सगळे आयुष्य आम्ही खिडकीतून खिडकीत बोललो. माझ्या मुलाचे शाळेचे कपडे तिने शिवले आणि शिलाई घेतली नाही. तिने तो कुकर मागवला. झाकण उडाले. उजवा हात भाजला, बोटे आखडली, एक डोळा गेला.

इस्पितळात मी गेले ते डॉक्टरांना सोबत घेऊन, म्हणून सुनेला जिन्याचे दार उघडावे लागले. मैत्रीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटले, “अगं, ती मी नव्हते.”

“पहिल्याच वाक्याला कळलं मला,” ती म्हणाली. “तुझा आवाज मी ओळखणार नाही होय? वाटलं, थकली असशील, म्हणून बदली बाई उभी केलीस.”

“मग घेतलास कशाला?”

“पाटी तुझी होती.” तिने डाव्या हाताने पांघरूण ओढून घेतले. मग म्हणाली, “तू तपासल्याशिवाय माल दुकानात येत नाही, हे या गल्लीत मीच सगळ्यांना सांगत आले. आता जा तू. मला औषधानं झोप येतेय.”

तिला झोप येत नव्हती.

मुलाने तिला भेट पाठवली. रंगीत कागदात गुंडाळलेला, फीत बांधलेला, तोच कुकर. आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर माझा अंबाडा घातलेली ती बाई लाडिक रागाने म्हणाली, “काही बायका झाकण धड लावत नाहीत आणि मग आमच्या नावानं रडतात.” गल्लीतले लोक हसले. मैत्रिणीने इस्पितळातल्या टीव्हीवर ते पाहिले, हे मला तिथल्या परिचारिकेने सांगितले. माझ्या चेहऱ्याने तिची चेष्टा झाली होती.

ती घरी आल्यावर मी वकिलांना तिच्याकडे पाठवले आणि स्वतः खिडकीत उभी राहिले. गाळा, गोदाम आणि नाव तिला द्यायचे आहे, असे वकिलांनी तिला सांगितले. ती खिडकीशी आली. अपघातानंतर पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिले, एका डोळ्याने.

“मला तुझं काही नको. भांड्यांच्या दुकानात मी काय करू? मला सुईत दोरा ओवता येत नाही.”

“घे तरी.”

“दिलंस तर पहिल्या दिवशी कुलूप लावीन आणि किल्ली गटारात टाकीन. पाटी उतरवून चुलीत घालीन. तुझ्या पोराला एक चमचासुद्धा आतून काढू देणार नाही.”

“म्हणून तर तुला देतेय,” मी म्हटले.

तिने खिडकी लावून घेतली. वकिलांना मात्र तिने होकार कळवला.

यास्तव गाळा, गोदाम, त्यातील संपूर्ण माल आणि ‘खणखणीत’ हे नाव माझ्या या मैत्रिणीला पूर्ण मालकीने द्यावे. तिने त्याचे काय करावे याबाबत तिच्यावर कोणतेही बंधन नाही. मला क्षमा करावी अशीही अट नाही. वकिलांनी तसे सुचवले होते, मी ते खोडले.

कलम ६. टीव्हीवरील बाईविषयी.

ती नाटकात काम करणारी, काम न मिळालेली बाई आहे. मी आजारी पडल्यावर ती मला भेटायला येऊ लागली. पहिल्या दिवशी रडली. “आजी, पोटासाठी करते हो.” सून चहा विचारीत नसे, ही मात्र माझे पाय चेपत असे. माझा खोकला वाढला तेव्हा ती माझा हात धरून बसून राहिली. मला बरे वाटले. मी तिच्याशी बोलू लागले, नवऱ्याविषयी, हातगाडीविषयी. पुढच्या कार्यक्रमात ती बाई नेमकी तशीच खोकली, छातीवर तळहात ठेवून, आणि हातगाडीवर भांडी विकणाऱ्या नवऱ्याची गोष्ट सांगून रडली. त्या दिवशी कुकरचे फोन दुप्पट आले, असे मुलाने सुनेला जेवताना सांगितले.

ती अजून येते. पाय चेपते, आणि कपाटाकडे बघते. मी तिला म्हटले आहे, “तुझं नाव मी मृत्युपत्रात घातलंय.” तिने माझ्या हाताचा मुका घेतला. नाव घातले आहे हे खरे आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही, हे वकिलांनी मला सांगितले, तेव्हाच मी ठरवले की दुसरी साक्षीदार तीच असेल.

कलम ७. बँकेतील शिल्लक माझ्या दवाखान्याच्या खर्चाला आणि वकिलांच्या फीला जावी. उरल्यास कुकरने भाजलेल्यांत वाटावी. डॉक्टर साक्षीदार आहेत, म्हणून त्यांच्या बायकोने नवी कढई स्वतःच्या पैशाने घ्यावी, आणि तीही दुसऱ्या कुणाच्या दुकानातून.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिला आहे. दडपण देणारे सगळे या वेळी खाली दुकानात कुकरची खोकी उतरवून घेत आहेत.

ठिकाण: दुकानावरची खोली, खिडकीशी.
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, सकाळ.

मृत्युपत्र करणारी:
(सही) भांडीवाली

साक्षीदार पहिला:
बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांची नाडी, दृष्टी आणि स्मरण उत्तम आहे. त्या पूर्ण शुद्धीत आहेत, याची मला खात्री आहे.
(सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरी:
आजींनी माझ्यासमोर सही केली. आतला मजकूर मी वाचलेला नाही, वाचायची गरजही वाटली नाही. आजी कुणाला फसवत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत आहे.
(सही) टीव्हीवरची आजी