कोट माझ्या गळ्यात पडला

थोरल्याच्या आईस अनेक आशीर्वाद,

माझी तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस. सूनबाईने मला इंग्रजीच्या वर्गात घातलंय. काल बाईंनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय काय येतं?" मला काहीच आठवेना. मग तुझीच कामं सांगितली, "आय कॅन कुक, आय कॅन स्टिच."

बाई खूश! बटण तुटलेला स्वतःचा कोटच त्यांनी माझ्या हातात दिला. 'आय कॅनॉट' पुढच्या धड्यात आहे, नाही कसं म्हणणार?

वर्गाला आजपासून पंधरा दिवस सुट्टी आहे, ती संपली की कोट परत द्यायचाय. दोऱ्याला गाठ कशी मारतेस ते उलट टपाली लिही. सूनबाईला कळू देऊ नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढता येतो का? खरं सांग, माझ्यासारखं 'आय कॅन' म्हणू नकोस.

तुझा,
थोरल्याचा बाप