आभाळातलं जहाज आणि मी सांगितलेले शेवट

आप्पा,

परवा लेकीनं तिच्या फोनवर ती मालिका लावून दिली. रविवारी सकाळी तालमीच्या टीव्हीवर लागायची तीच, आभाळातल्या जहाजाची. मेथी निवडता निवडता मी सलग दोन भाग पाहिले. आता मला इंग्रजी कळतं. आणि पाहताना लक्षात आलं, की तेव्हा एक अक्षर कळत नसताना मी अख्ख्या गल्लीला जे सांगत होते, ते जवळपास सगळं बरोबर होतं. मला रडू आवरेना. कप्तान सुखरूप जहाजावर परतला तरी आई का रडते, हे लेकीला कळेना.

तालमीतली ती खोली डोळ्यांपुढून हलत नाही. लोखंडी कपाटावर टीव्ही, खाली सतरंजीवर पोरं, मागे भिंतीला टेकून तुम्ही फौंड्रीतली माणसं. रविवारची आंघोळ करूनही तुमच्या नखांतली काळी वाळू निघायची नाही. वस्ताद हाक मारायचे, "ये गं बाय, सांग आमास्नी, काय म्हणाय लागलंय ते बेनं." मी नववीत. इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचणारी गल्लीत मी एकटीच, म्हणून सांगायचा मान माझा. पहिल्या रविवारी मी घाबरून काहीबाही ठोकून दिलं, आणि लोकांनी ते खरं मानलं. चार-सहा रविवारांत मला त्यातली मेख सापडली. जहाजावर कधी न दिसलेला माणूस कप्तानाबरोबर खाली नव्या ग्रहावर उतरला, की त्याचे दिवस भरले. ग्रहावरची माणसं फार गोड बोलायला लागली, की ती दगा देणार. इंजिन बंद पडणार, मिस्त्री दोन्ही हात हलवून जमणार नाही म्हणणार आणि ऐन वेळी जमवणार. कप्तानाचा दोस्त आजारी पडला, तर जहाजावरचा म्हातारा डॉक्टर आधी तोंड पाडून बसणार, मग कुठून तरी औषध सापडणार आणि शेवटी सगळे हसणार. मी नुसते चेहरे बघायची आणि पुढचं सांगून टाकायची. पोरं टाळ्या पिटायची.

तुम्ही मोल्डर. लाकडी पॅटर्न वाळूत दाबून साचा धरायचा आणि त्यात लोखंडाचा तापलेला रस ओतायचा, यात तुमचा जन्म गेला. एकदा घरी येताना तुम्ही म्हणालात, "बेस हाय की ह्यांचं. पॅटर्न एकच, दर ऐतवारी रस तेवढा नवा." तेवढं बोलून माझ्याकडे बघून हसलात. मला वाटलं, माझं बिंग फुटलं.

ते खरोखर फुटलं पुण्याहून आलेल्या एका पावण्यामुळे. वस्तादांचा कॉलेजात शिकणारा भाचा. माझं ऐकून तो मध्येच फिदीफिदी हसला, "अहो, पडद्यावरची ती बाई असं काहीच म्हणत नाहीये." सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही मागून ओरडलात, "गप बस रं! आमची पोरगी सांगती ते आमाला पटतंय." पण घरी चुलीपुढे बसून भाकरी मोडताना तुम्ही वर न बघता म्हणालात, "कळलं न्हाय तर कळलं न्हाय म्हणायचं. लाज कसली त्यात? मला तरी कुटं येतंय?" मी मान डोलावली. त्यानंतर मी धडे घोकून घोकून इंग्रजीत चांगले मार्क पाडले, आणि तुम्ही ते प्रगतिपुस्तक फौंड्रीत नेऊन सगळ्यांना दाखवलंत. मार्क पडले म्हणजे मला आता खरंच येतं, असं तुम्ही धरून चाललात. मीही तुम्हाला तसं धरू दिलं.

मग तुमचं पोट दुखायला लागलं. मी दहावीत होते. शर्ट अंगावर लोंबायला लागला तेव्हा आईनं जबरदस्तीनं दवाखान्यात धाडलं, सोबत मला. तपासण्या झाल्या. तो डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा. तुमच्या तोंडावर सांगायचं त्याच्या जिवावर आलं असावं. त्यानं मला विचारलं, इंग्रजी समजतं का? मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच बोललात, "समजतंय म्हणजे? आक्क्या गल्लीला टीव्हीवरची शिरेल सांगती ती!" तुमचा चेहरा किती फुलला होता, आप्पा. तो डॉक्टर भरभर बोलत गेला. मी त्याच्याकडे बघत उभी आहे, मान हलवते आहे. 'ऑपरेशन' एवढा एक शब्द मला ओळखीचा वाटतो, बाकी सगळं डोक्यावरून जातं. कळलं नाही म्हणायला हवं, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही शेजारी ताठ उभे आहात. शेवटी डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून जरासा हसला. आधी तोंड पाडलं, शेवटी हसला. मला तेवढं पुरलं.

"काय म्हणत्यात?" तुम्ही पायरीवर विचारलंत.

"ऑपरेशनची गरज न्हाय म्हणाले, आप्पा. गोळ्यांनी बरं हुतंय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेलात. केसपेपर माझ्या दप्तरात होता. ते किरटं अक्षर लावून वाचायचा मी एकदाही प्रयत्न केला नाही.

अडीच महिन्यांनी तुम्ही साच्यापुढेच रक्त ओकलात. या खेपेला मोठे डॉक्टर होते, आपल्याकडचेच. केसपेपर बघून ते चिडले, "महिन्याच्या आत ऑपरेशन करा, असं यात स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" आई दारात उभी. मी खाटेच्या पायथ्याशी. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, अगदी थोडा वेळ. मग डॉक्टरांना म्हणालात, "सांगितलं हुतं साहेब. पोरीनं समदं सांगितलं हुतं. मीच भ्यालो."

त्या क्षणी मला काय वाटलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं.

तुम्ही गेल्यावर आई पुढची एकवीस वर्षं तुम्हाला बोल लावत राहिली. एवढा तालमीतला गडी, आणि सुरीला भ्याला; भ्याला नसता तर आज असता. फौंड्रीतली माणसं भेटायला यायची, त्यांच्यापुढेही तेच. मी समोर बसून चहा गाळत असायची. गल्लीतला सगळ्यात धीराचा माणूस भित्रा ठरला, आणि ज्याच्यासाठी ठरला ते तोंड गप्प राहिलं. मग आईही गेली, तसंच समजून. तुमच्यावरचा राग तिनं सोबत नेला, आणि तो माझ्या वाट्याचा होता.

हे पत्र कुठं टाकायचं, आप्पा? वहीतच राहील. मघाशी, इथवर लिहून झालं तेव्हा, लेक मागे येऊन उभी राहिली. डोळे पुन्हा ओले का म्हणून तिनं विचारलं. मी म्हणाले, तुझ्या आजोबांची आठवण आली. ती बाजूला टेकली आणि म्हणाली, "आजोबा गेले कशानं गं? तू कधी नीट सांगितलंच नाहीस."

मी वही मिटली आणि म्हणाले, "ऑपरेशनला घाबरले."